हळदीच्या मंडपात मायचा सूर

डीजेवाल्याला सुरातलं काय कळतं, असं म्हणणारे आमच्या झरी गावात पैशाला पासरी मिळतील. त्यांच्याशी भांडून मी दमलो. बाबांनो, एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जायचं तर दोन गोष्टी बघाव्या लागतात. ठेका किती जलद हाय आणि सूर कुठल्या पट्टीत हाय. पट्टी जुळली नाही तर कितीबी मोठे स्पीकर लावा, कान किटतात. लॅपटॉप दोन्ही दाखवतो, पण कशाला काय जोडायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

याच विद्येनं धाकट्या बहिणीच्या हळदीत माझा घाम काढला.

वडील गेल्यापासून माय कुणाच्याच हळदीत पुढं होत नव्हती. विधवेनं हळदीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडं रिवाज. जात्यावर हळद दळताना सवाशिणी गाणी म्हणतात, त्यात एके काळी मायचाच आवाज पुढं असायचा. आता पोटच्या लेकीच्या हळदीतही ती चुलीपाशी बसणार होती. बहीण हट्टाला पेटली. "दादा, मायचं गाणं झाल्याबिगर मी हळद लावून घेत न्हाई. काय करायचं ते कर."

मायला विनवलं तर म्हणाली, "येडा झालास का? लोक काय म्हणतील? फोनात घ्यायचं तर घे, पण मंडपात मी पाय ठेवणार न्हाई."

घेतलं मग फोनात. देवळातल्या बाजाच्या पेटीवर लावून बघितलं, सूर काळी चारचा, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीचा. कधीही गाऊ द्या, ती तिथंच सुरू होते. त्याच पट्टीतलं नाचाचं एक गाणं मी हुडकून काढलं. मायच्या आवाजाखाली ढोलकी अलगद सुरू होणार, मग पोरी नाचणार, असा बेत. मायचा ठेका मिनिटाला चौऱ्याण्णवचा, त्या गाण्याचा शंभरचा. तेवढं जुळवणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ.

दुपारी आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, चार सवाशिणी घेऊन जात्याशी बसली. सेलूहून नवरदेवाकडच्या बायका आलेल्या. मी मायचं गाणं लावलं, त्याचा वेग वाढवला, खालून दुसरं उचललं. आणि काय सांगू, अरे देवा!

गाणं पळवलं की त्याचा सूरपण वर चढतो. सूर जागेवर धरून ठेवायला एक बटण असतं. आमी वरातवाले ते बंदच ठेवतो, कारण सूर चढला की पोरं आणखी उड्या मारतात. त्या सवयीनं घात केला. माय काळी चारवरून एक घर वर गेली, खालचं गाणं आपल्या जागीच राहिलं, आणि दोघं एकमेकांच्या उरावर बसली. आत्यानं जातं थांबवलं. एक पाहुणी पदराआड हसली. बहिणीचे डोळे भरून आले.

मी बटण दाबतोय तोवर माय मंडपात. दोन्ही हात भाकरीच्या पिठानं भरलेले.

"बंद कर आधी! कोण किंचाळायलंय हे? मी अशी गाते का रे?"

"माय, मशीनचं जरा..."

"चुलीत घाल तुझं मशीन! वन्सं, जातं फिरवा."

आणि उभ्याउभ्या गायला लागली. भर मंडपात, नेमकी काळी चारमध्ये. आत्यानं जातं फिरवलं, बाकीच्या मायच्या मागून म्हणू लागल्या. मी आता बटण दाबून ठेवलं आणि त्या नाचाच्या गाण्यालाच तिच्या ठेक्यावर आणलं. ढोलकी हळूच सोडली, ती तिच्या आवाजाखाली जी बसली ती बसलीच. मायनं माझ्याकडं बघून डोळे वटारले, पण थांबली नाही.

माझं काम चुकलं याचा मला एवढा आनंद कधीच झाला नाही. सगळं नीट जुळलं असतं तर माय चुलीपाशी बसून स्वतःचाच आवाज ऐकत राहिली असती. त्या चुकीचे उपकार मी मानतो, आणि आत्याचे तर त्याहून जास्त. कारण गाणं संपलं तशी माय मागं सरकली, आणि दोघीतिघी काहीतरी कुजबुजल्या. आत्यानं ताटात हळद घेतली आणि ताट मायपुढं धरलं.

"वहिनी, पहिली तुमी लावा."

मायनं आमच्या सगळ्यांकडं बघितलं. "हाताला पीठ लागलंय," एवढंच म्हणाली.

"धुऊन या. आमी थांबलोय."

माय आत गेली. तिला लय वेळ लागला. मी गाणं लावलं नाही आणि कुणी लाव म्हणालंही नाही. माय परत आली तेव्हा तोंडपण धुऊन आली होती. तिनं दोन्ही हातांनी हळद घेतली.