दाखला खरा होता

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापावर माझी नजर असते, आणि माप बरोबर निघालं तर आजच बरोबर का निघालं, याचा मी विचार करत बसते. लोक म्हणतात, जित्याची खोड. पण जन्मताना मी अशी नव्हते. हा स्वभाव मला सतराव्या वर्षी लागला.

तेव्हा आम्ही साताऱ्याकडे गावी होतो. माझ्या डाव्या दंडावर फिकट चट्टा उठला आणि त्याच हाताची करंगळी, शेजारचं बोट आणि तळव्याची कड बधिर झाली. आईला हे कळलं तेव्हा तिने पहिलं काम काय केलं, तर दाराला कडी घातली. मग दर महिन्याला आमच्या तालुक्याचा दवाखाना सोडून ती मला शेजारच्या तालुक्यात न्यायची. एसटीत कुणी ओळखीचं भेटलं, की आम्ही मावशीकडे निघालेलो असायचो. गोळ्यांनी रोग पुरता गेला. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तो कागद आईने चुलीत घातला. कुष्ठरोग हा शब्द तिने शेवटपर्यंत तोंडातून काढला नाही. ती ‘ते’ म्हणायची. माझं लग्न ठरलं तेव्हा तिने मला देव्हाऱ्यापुढे बसवून शपथ घातली, की सासरी ‘ते’ कधी बोलायचं नाही. चट्टा गेला होता, बोटं सरळ होती. फक्त त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते बघणाऱ्याला दिसत नव्हतं.

लग्न करून मी पनवेलजवळ कामोठ्यात आले. माझ्या नवऱ्याला मी कधी नावाने हाक मारली नाही, म्हणून इथेही ‘हे’च लिहिते. हे कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी होते. दिवसभर सळया आणि पत्रे उचलायचे आणि संध्याकाळी खांद्याला तेल लावून घ्यायचे. आम्ही इथल्याच एका आगरी बाईच्या घरात भाड्याच्या खोलीत राहायचो. मुलगी झाली, ती चालायला लागल्यावर मी बाजारातल्या लोकांसाठी भाकऱ्या करून द्यायला लागले.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं म्हणतात. माझं जळायचं आणि मला वास आल्यावर कळायचं. गरम तव्यावरची भाकरी मी हातानेच फिरवते हे बघून घरमालकीण कौतुकाने म्हणायची की घाटावरच्या बायांचे हात लोखंडाचे. मी हसायचे, आणि तिला नक्की काय म्हणायचं असेल, यावर नंतर तासभर घालवायचे.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी करंगळीवरचा एक भाजल्याचा फोड काही केल्या भरेना. शेवटी पनवेलला चामडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात उलटसुलट केला, कोपराच्या मागे चाचपलं आणि हळूच विचारलं, “गोळ्या कधी घेतल्या होत्या?” मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. रोग परत आलेला नव्हता, जखम नुसती भाजल्याची होती. पण बोट ठेवायचं असेल तर विस्तवाचं काम सोडा, असं त्यांनी बजावलं. मग म्हणाले, नवा कायदा झालाय. ज्यांचा हा रोग बरा झाला पण हाताची जाणीव गेली, ते अपंगांत धरले जातात. दाखला काढा, टेलिफोन बूथ मिळू शकतो.

फी घेऊन वर हे सगळं फुकट सांगतो, तेव्हा यात याचा काय फायदा, असं मला वाटलं. त्यातून बाहेर कंपाउंडरने पुडी बांधता बांधता गाव विचारलं. त्याचं बोलणं आमच्याकडचं होतं. मी मावशीचं गाव सांगितलं आणि पुन्हा त्या रस्त्यालाही गेले नाही.

पण बूथ डोक्यातून जाईना. त्या वेळी घरोघरी फोन नव्हते. कळंबोलीला ट्रकवाले बूथवर रांग लावून पंजाबात, राजस्थानात बायकामुलांशी बोलायचे. भाकऱ्या सुटल्या तर घर एकट्या यांच्या खांद्यावर येणार होतं, आणि त्या खांद्यावर आधीच काय काय होतं ते मी रोज तेल लावताना बघत होते. दुसऱ्या बाजूला दाखल्यावर तो शब्द येणार, आणि बूथच्या पाटीवर ‘अपंग’ असं रंगवावं लागणार. आमच्या जवळच असा एक बूथ होता. त्या माणसाने बहिरा असल्याचा खोटा दाखला काढलाय, अशी सगळ्यांची खात्री होती. बहिरा, आणि धंदा फोनचा. गिऱ्हाईकं मुद्दाम पाठीमागून त्याला हाका मारायची आणि तो वळला की एकमेकांना टाळ्या द्यायची. लोक त्याला जसं तपासायचे तसं मला तपासणार. बाईचं काय बिघडलंय, कुठे बिघडलंय, साडीच्या आत आहे की काय. मी चार महिने हो आणि नाही यांच्यामध्ये लोंबकळत काढले. दुसरा फोड आला तेव्हा ठरवलं.

नवस फेडायला जाते असं सांगून मी अलिबागला जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले, एकदा तपासणीला आणि एकदा दाखला घ्यायला. दाखल्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, कुष्ठरोगमुक्त. तो मी ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली, तळाला अंथरलेल्या कागदाच्याही खाली ठेवला. बूथचा अर्ज केला आणि पोस्टमनची वाट बघायला लागले. पत्र माझ्याच हातात पडावं म्हणून मी दुपारची झोप सोडली होती.

नेमकं ज्या दिवशी मी रेशनच्या रांगेत होते, त्या दिवशी पत्र आलं. घरमालकिणीने ते आपल्या मुलाकडून वाचून घेतलं. अपंगांच्या कोट्यातून बूथ मंजूर, एवढंच त्यात होतं. रोगाचं नाव नव्हतं. मी पायरी चढत होते तर ती कंबरेवर हात ठेवून उभी.

“कोनाला धरलास गो?” ती म्हणाली. “हात तं तुजा चांगला हाय.”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, ही घाटावरची बाई वाटते तेवढी भोळी नाही, असं कौतुक होतं. दाखला खोटा आहे, मी कुणाला तरी पैसे चारलेत, असं ती धरून चालली होती. आणि मला एकदम मोकळं वाटलं. मी मान खाली घातली, थोडी हसले, म्हणाले, “आहे एक ओळखीचा.”

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. पण त्या क्षणी मला ती मोठी हुशारी वाटली. चोर ठरले तर लोक चार दिवस बोलतील, पुढे माझ्याकडे चहाही पितील. खरं कळलं असतं तर माझ्या हातचं पाणीही कुणी प्यायलं नसतं. पुढचे तीन दिवस शेजारच्या बायका एकेक करून येत होत्या आणि तो ओळखीचा माणूस कुठे भेटतो, असं कानाशी लागून विचारत होत्या. एकीच्या नवऱ्याला स्टॉल हवा होता, दुसरीच्या दिराला नोकरी. मी त्या ओळखीच्या माणसाला आधी बदली दिली, मग आजारी पाडलं.

यांना मी तेच सांगितलं होतं. हे मुळात कमी बोलत. त्यांना कुणाचा संशय येत नसे. बाजारात कुणी दोन फेऱ्या चुकवल्या तरी ‘दमला असंल’ म्हणायचे. असल्या माणसाबरोबर संसार करताना संशयाचं सगळं काम एकट्या बायकोवर पडतं.

रविवारी बाजार बंद. जेवणं झाली, मुलगी खाली खेळायला गेली. यांनी ते पत्र माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं.

“हे परत दे,” ते म्हणाले.

मी कारणं सांगायला लागले. सगळेच करतात, तो बहिरा नाही का करत. त्यांनी मला बोलू दिलं. मग त्यांच्या टोळीतल्या एका माणसाचं नाव घेतलं. त्याच्या पायावर तुळईएवढा लोखंडी चॅनेल पडला होता आणि गुडघ्याखालचा पाय काढावा लागला होता. बूथसाठी त्यानेही अर्ज केला होता. तो घरी बसून होता.

“त्याचा पाय गेलाय. तुजं काय गेलंय?”

एवढ्या वर्षांत हे माझ्यावर कधी ओरडले नव्हते, आताही ओरडले नाहीत. पण माझ्याकडे बघताना त्यांना माझी किळस आली होती, ती मला दिसली. जी किळस टाळण्यासाठी मी आठ वर्षं तोंड शिवून बसले होते, ती माझ्या खोटेपणाने ओढवून आणली होती. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. जे माझ्या हक्काचं होतं ते चोराचं म्हणून परत करायचं, नाहीतर बोलायचं.

मी बोलले. चट्टा, दुसऱ्या तालुक्याचा दवाखाना, आईची शपथ, ट्रंकेतला दाखला, सगळं. सांगून झाल्यावर मी वाट बघत राहिले, की हे आता उठतील, लांब सरकतील, नाहीतर माझ्या माहेरच्यांचा उद्धार करतील.

यांनी विश्वासच ठेवला नाही.

“बूथसाठी असलं अंगाला लावून घेतीस?” ते म्हणाले. “काय बाई हायस तू.”

मला हसू आलं की रडू, आता सांगता येत नाही. मी उठून दाखला आणला, तर तो खोटाच आहे असं तूच सांगितलंस, म्हणाले. तेही खरंच होतं. मग मी मंगळसूत्रात अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्यांच्या हातात दिली. डावा हात पुढे केला, डोळे गच्च मिटले आणि म्हणाले, “टोचा.”

काही झालं नाही. खाली मुलींचा लंगडीचा आरडाओरडा चालला होता. मला वाटलं, हे टोचणार नाहीत. आत्ता पिन ठेवतील आणि बाहेर निघून जातील.

“टोचा की,” मी म्हणाले.

“कवाचा टोचतोय,” हे म्हणाले.

मी डोळे उघडले. करंगळीवर आणि तळव्याच्या कडेला रक्ताचे चार-पाच थेंब आले होते. यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी माझा हात आपल्या धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुसून झाल्यावरही थोडा वेळ धरून ठेवला. मग विचारलं, “पोरीला?”

रोग लग्नाआधीच बरा झाला होता, तो माझ्याकडून आता कुणाला लागत नाही, पोटातल्या लेकरात उतरत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. बूथ सोडायचा नाही, असं तेच म्हणाले. पाय गेलेल्या त्या माणसाच्या अर्जासाठीही ते नंतर महिनाभर खेटे घालत होते. बाजारात कुणी डोळा मारून विचारलं तर हे सरळ सांगायचे, “हाताची शीर मेलीय तिच्या.” लोक ‘अरेरे’ म्हणायचे आणि आपल्या कामाला लागायचे. एवढं साधं उत्तर मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं.

मी त्यांच्यावर नजर ठेवली, हे वेगळं सांगायला नको. जेवायला बसताना ताट कुठे घेतात, माझ्या तांब्यातलं पाणी पितात की नाही, अंथरूण किती लांब घालतात. कुठेही काही बदललं नाही. मला जवळजवळ पटायला लागलं होतं.

पुढच्या रविवारी मी धुणं वाळत घालून आत आले. हे खिडकीशी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. तिला काहीतरी गोष्ट सांगत होते, आणि सांगता सांगता तिचा हात उजेडात धरून दंडापासून मनगटापर्यंत बारकाईने बघत होते. मी दारात दिसताच त्यांनी हात सोडला.

मला राग आला. जगात माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा हा एकच माणूस होता, आणि त्याला मी संशय शिकवला होता. पण बोलू काय? मुलगी जन्मल्यापासून दर रविवारी तिला न्हाऊ घालताना मी हेच करत आले होते. सगळं माहीत असून, डॉक्टरांवर विश्वास असून, एकटी, मोरीचं दार लावून.

“पाठ मी बघितलीय सकाळी,” मी म्हणाले. “काही नाही.”

त्यांनी मान हलवली, आणि तिचा दुसरा हात उजेडात धरला.