कानही पास, स्पीकरही पास

आमच्या शेजारचे मामा कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्रेसरवर आहेत. त्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. घरीही मामा पाणी हवं असलं की मामींना अंगठा ओठाला लावून दाखवतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी तिसरं होम थिएटर घेतलं. या वेळी दौंडहून ब्रँडेड, सर्टिफाइड, दुकानातलं सगळ्यात महागडं आणलं. पहिल्याच गाण्याला आमच्या मांडणीवरची ताटं नाचू लागली. मामी कानात कापूस घालून भाकरी थापत होत्या.

"आत्ता कुठं जरा आवाज लागला," मामा खूश होऊन म्हणाले. "पैसं वसूल! आधीचे दोन्ही सेट डुप्लिकेट होते."

मी ओरडलो, "मामा, ते चांगलेच होते. तुमचे कान कंपनीनं खाल्ले! भरपाई मागा, अर्ज मी लिहितो."

"कान फिट हायेत. कंपनीचा डॉक्टर दरसाल पास करतोय. कान बी सर्टिफाइड, स्पीकर बी सर्टिफाइड."

मग त्यांनी दाराबाहेर पाहिलं, आवाज आणखी वाढवला आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "बहिरा हाय हे कळलं तर उद्या घरी बसवतील. कुनाला बोलू नगं."

ती कुजबुज स्पीकरला मागं टाकून अख्ख्या गल्लीत गेली. समोरच्या ओट्यावर त्यांचा सुपरवायझर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं रोखून पाहिलं.

"ए पुढारी, मला कायबी ऐकू आलं न्हाई," तो तिथूनच ओरडला. "आन् तुलाबी न्हाई."