यादीतला चौदावा रोशार

हरेश्वरला कुणी आडनाव विचारलं की तो आधी घसा साफ करायचा आणि मग म्हणायचा, "रोशार."

"ख्रिश्चन का हो?"

"नाय हो. कोळी. एकविरेचे."

मग पुढची पाच मिनिटं पणज्याची गोष्ट. पणजा धोंडिराम बंदरात रोशार नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्याची होडी वल्हवायचा. बंदरात धोंडिराम तर पाच-सहा. हा कुठला? तर रोशारचा धोंडिराम. कारकुनानं तेच कागदावर चढवलं. साहेब आपल्या देशाला गेला, त्याची पेढी बुडाली, पण आडनाव मात्र मालाडपल्याड खाडीकडेच्या कोळीवाड्यात पाच घरांत मुक्कामाला राहिलं.

हरेश्वर विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायको वारल्यापासून दोन वेळचं जेवण थोरल्या वहिनीकडे, सगुणाकडे. त्या रविवारी तो ताटावर बसला होता आणि सगुणाचा मुलगा कृणाल फोन घेऊन त्याच्या मांडीला मांडी लावून येऊन बसला. कृणाल अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. पोरगा गुणाचा, पण डोक्यात एक किडा शिरला की तो पार पडेपर्यंत बापाचंही ऐकायचा नाही.

"काका, हे बघ. रोशार आडनावाची जगातली नामवंत माणसं. इंटरनेटवर अख्खं पान आहे यार! तेरा जण."

"तेरा?"

"एक सेनापती, एक झाडापानांचा अभ्यास करणारा, एक सायकलवाला, एक पाद्री... सगळे गोरे. आपला एक पण नाही. म्हणून मी टाकतोय. चौदावा तू."

फोनवर त्यानं लिहूनच ठेवलं होतं. 'हरेश्वर रोशार, मुंबई. १९९९ साली एकट्यानं समुद्रात होडी घालून बुडणाऱ्या बाप-लेकीला वाचवलं.'

"पुरावा लागतो," कृणाल म्हणाला. "तुझ्या भिंतीवरचं पेपरचं कात्रण दे, फोटो काढतो. आणि पूर्वीताईला फोन केलाय. पुढच्या रविवारी येतेय, ती स्वतः लिहून देईल. मग कोण काढतो तुला यादीतून! आई, ऐकलंस का? काका जगात चालला!"

सगुणा अंगणात बांबूवरचे बोंबील उलटे करत होती. मान न वळवता म्हणाली, "जगात चाललाय तर रात्री जेवायला हाय का नाय, तेवढं विचार त्याला."

कृणाल हसला. हरेश्वरनं तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

कारण त्या दिवशी समुद्रात होडी त्यानं घातलीच नव्हती.

चैत्रातली गोष्ट. अख्खा कोळीवाडा एकविरेच्या जत्रेला कार्ल्याला गेलेला. गावात म्हातारी-कोतारी आणि मागं राहिलेली चार माणसं. हरेश्वरला कारखान्यात रजा मिळाली नव्हती, म्हणून तो होता. सगुणा पाळीची, म्हणून ती होती. तिचा नवरा अंबादास म्हणजे गावातला नावाजलेला तांडेल, होडीवरचा म्होरक्या. त्यानं नवी होडी बांधून घेतली होती. रंग सुकला होता, पण देवीचा अंगारा आल्यावर पूजा, आणि पूजेआधी पाण्यात घालायची नाही, असा दंडक. होडी वाळूवर कोरी करकरीत पडलेली.

दुपार कलली तेव्हा फिरायला आलेल्या तिघांची भाड्याची बोट खाडीच्या तोंडाशी उलटली. हरेश्वर तेव्हा नुकता कारखान्यातून परतला होता. त्यानं किनाऱ्यावरून बघितलं. पाण्यात तीन डोकी. वारा उलटा, ओहोटीला ओढ. कोळ्याच्या पोटी जन्मला तरी हरेश्वरला पाण्याचं भय. लहानपणीच ते बसलेलं, म्हणून तर बापानं त्याला शाळेत घातलं आणि पुढं कारखान्यात चिकटवला. तो वाळूत होता तिथंच उभा राहिला.

तेवढ्यात मागून सगुणा आली. लुगड्याचा काष्टा आवळलेला. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खांदा लावून कोरी होडी पाण्यात लोटली, वल्हं उचललं आणि गेली. कोळणीनं मासळी विकावी, दर्यात पुरुषानं जावं, ही रीत. पण चार भावांत वाढलेली ती, वल्हं तिच्या हाताला लहानपणापासून ठाऊक होतं.

परत आली तेव्हा होडीत दोघं. पाणी पिऊन बेशुद्ध झालेला माणूस आणि त्याची सात वर्षांची पोर, पूर्वी. हरेश्वर कमरेएवढ्या पाण्यात शिरला आणि होडी वाळूवर ओढून घेतली. त्यानं केलं ते एवढंच.

सगुणाची सासू राधा काठी टेकत आली. तिनं सगुणाकडे बघितलं, होडीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मेले, पाळीत कोऱ्या होडीत पाय टाकलास? कळलं तर एक माणूस चढायचा नाय हिच्यात. अंबादासचा धंदा बसंल." मग तिची नजर धाकट्या लेकाच्या भिजलेल्या विजारीवर गेली. "हरी, तू गेलतास. समजलं? सगुणा, तू घरात जा. कोपऱ्यात बस."

सगुणा गेली. हरेश्वर राहिला. लोक आले, पोलीस आले, पेपरवाला आला. पोर रडत सांगत होती, "बाई आली होती, हिरव्या लुगड्याची बाई!" पेपरवाल्याला वाटलं, पोर घाबरलीय. कोळीवाड्याला मात्र कळायचं ते कळलं. सगळं गाव एकविरा आईच्या दारात गेलेलं, आणि आई स्वतः इकडे येऊन हरीच्या होडीत उभी राहिली! त्या वर्षी गावानं जागर घातला. हरेश्वरला मध्ये बसवलं. कुणी त्याच्या पायाला हात लावी आणि तो पाय आखडून घेई. लोक म्हणायचे, बघा, किती नम्र!

खोट्याचं असंच असतं. बोंबलासारखं ओलं असतं तोवर उलटंपालटं करता येतं. एकदा सुकलं की बांबूचाच आकार घेतं.

कारखान्यानं सत्कार केला. भट्टीजवळच्या कामातून उचलून त्याला हजेरी ऑफिसात टेबल दिलं. उरलेली सगळी नोकरी त्यानं पंख्याखाली काढली. सत्काराला तो वाचलेला माणूस आला होता, घाटकोपरचे चंद्रप्रकाश. त्यांची बायको त्या दिवशी गेली, प्रेत दुसऱ्या दिवशी लागलं. माळ घालून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "माझी बायको... तुम्हाला दिसली होती का?"

हरेश्वरला काय ठाऊक? त्यानं कधी वहिनीला विचारलंच नव्हतं. विचारायला तोंड कुठं होतं? तो म्हणाला, "नाही साहेब. मी पोचलो तेव्हा तुम्ही दोघंच होता."

आणि घरी? घरी अंबादास. दोन पेग पोटात गेले की बायकोवर तोंड टाकायचा. "माझा भाऊ बघ, दोन जीव काढले त्यानं. आणि तू? तवा कोपऱ्यात बसून होतीस!" सगुणा भाकरी थापत राहायची. हरेश्वर शेजारच्या पाटावर बसून जेवायचा. एकदा नाही, शंभरदा ऐकलं असेल. तोंडातून शब्द निघायचा नाही. चार वर्षांपूर्वी अंबादास गेला, तो असंच समजून गेला.

सोमवार ते शुक्रवार हरेश्वरनं काढले कसेबसे. कात्रण भिंतीवरून उतरवलं, परत टांगलं. शनिवारी दुपारी सगुणा मालाडच्या बाजारातून परतली. टोपली उतरवून पाय धूत होती. तो समोर जाऊन उभा राहिला.

"वयनी, मी पूर्वीला सांगतो. खरं काय ते."

"काय खरं?"

"होडी तू घातलीस ते. कृणालला पण सांगतो. यादीत तुझं नाव घालंल तो."

सगुणानं तांब्यातलं उरलेलं पाणी दुसऱ्या पायावर ओतलं. "मना कशाला घालतोस त्या यादीत? मी लगीन करून रोशार झाले. ते तेरा गोरे माझे कोण? तुझेच तुला लखलाभ."

"मग मी काय करू, सांग."

"सव्वीस वर्षं काय केलंस, तेच कर. गप बस."

तो गेला नाही. उंबऱ्यावर बसला. "अंबादादा तुला बोलायचा, तवा मी तिथंच होतो."

"होतास की. दुसऱ्यांदा भात मागायचास."

हे त्याच्या अशा जागी लागलं की त्याला वर बघवेना. सगुणा पदरानं पाय पुसत राहिली. मग तिचा आवाज खाली आला.

"एक सांगते, ऐक. तिची आई दिसली होती मना."

हरेश्वरनं मान वर केली.

"पोरीला वर धरून होती. मी जवळ गेले तं म्हणाली, हिला घ्या, हिला घ्या. पोर घेतली. मग तिला धरायला वाकले. हात नाय गावला, केस गावले. अंबाडा सुटला आणि गेली. दुसरीकडे तो माणूस गटांगळ्या खात होता, त्याला ओढला. परत बघितलं तं पाणीच." तिनं आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं. "केस हातात राहिले होते. दोन दिवस मी त्या हातानं जेवले नाय. सासू म्हणाली, पाळीची नाटकं."

"वयनी, तू कुणाला..."

"कुणाला सांगू? मी होते कुठं तिथं? मी तं घरात होते ना!"

हरेश्वरला वाटत होतं, आपण वहिनीचं नाव चोरलं. हार-तुरे चोरले, टेबल-खुर्ची चोरली. पण ही बाई सव्वीस वर्षं एका मेलेल्या बाईचे केस मुठीत घेऊन बसली होती, आणि रडायला तिला जागा नव्हती, कारण ती जागा त्यानं अडवली होती. आणि ते चंद्रप्रकाश! गेल्या दिवाळीत वारले. बायकोचे शेवटचे शब्द इथं या अंगणात पडून होते, आणि ते माणूस न ऐकताच गेलं.

"ती पोर दर चैत्रात येते," सगुणा म्हणाली. "तुझ्या पाया पडते. मी चहा देते. दर साली वाटतं सांगावं. मग वाटतं, ती विचारंल, माझ्या आईला का सोडलंस? तवा मी काय सांगू?"

"उद्या मी सांगतो. माझ्या वाटचं मी. तुझ्या वाटचं तुला सांगायचं तं सांग, नाय तं नको."

सगुणानं पदर खोचला. टोपली उचलून आत गेली.

रविवारी अकराच्या सुमाराला पूर्वी आली. तेहेतिशीची, चष्मा, हातात मिठाईचा डबा. कृणालनं तिला खुर्ची दिली, फोन काढला. "ताई, तू फक्त बोल, मी लिहितो. 'हरेश्वर रोशार यांनी...'"

पूर्वी नेहमीसारखी पायाला हात लावायला वाकली. हरेश्वर दोन पावलं मागं सरला आणि भिंतीला टेकला.

"नको. पोरी, मी नव्हतो. तुला काढलं ते हिनं." त्यानं सगुणाकडे बोट केलं. "मी किनाऱ्यावर होतो. होडी परत आली तवा ओढली, बस. बाकी सगळं खोटं सांगितलं मी. तुझ्या पप्पांना पण."

पूर्वी तशीच अर्धी वाकलेली राहिली. कृणाल हसला, "काका, काय मस्करी..." आणि आईच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू तिथंच मेलं.

"हिरवं लुगडं," पूर्वी म्हणाली.

"हां," सगुणा म्हणाली. "हिरवंच होतं."

मग सगुणानं सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. हिला घ्या, दोनदा म्हणाली, ते सांगितलं. केसांचं सांगितलं. अंबाडा सुटल्याचं सांगितलं. "मी सोडली नाय गं. पण धरून पण ठेवता आली नाय. काय म्हणायचं ते म्हण."

पूर्वी खुर्चीवर टेकली. चष्मा काढून तिनं डोळे पुसले. मग विचारलं, "आवाज कसा होता तिचा? मला आठवत नाही."

"बारीक. पण धमकावल्यासारखी बोलली. जशी काय मी ऐकणारच नव्हते."

पूर्वीच्या तोंडून रडण्यातूनच एक हसू फुटलं. "हो. पप्पा म्हणायचे, ती सगळ्यांना धमकवायची." मग ती सगुणाच्या जवळ सरकली. "मावशी, जागा दाखवाल? नक्की कुठं ते?"

सगुणा उठली. हरेश्वरही मागं निघाला. तशी ती दारातून वळून म्हणाली, "तू कुठं निघालास? तुला काय ठाव हाय? बस."

तो बसला. दोघी अंगण ओलांडून, बोंबलांच्या बांबूंखालून वाकून किनाऱ्याकडे गेल्या.

कृणालनं फोनवरची ती ओळ पुसली. मग फोन पालथा घातला. 

"बाबा आईला बोलायचे," कृणाल म्हणाला. "मी लहान होतो तरी मला आठवतंय. मी पण एकदा बोललो तिला तसंच. दहावीत असताना. बाबांचं ऐकून."

हरेश्वरनं डोळे मिटले. हे त्याला माहीत नव्हतं.

"एक विचारू?" कृणालचा आवाज परक्यासारखा लागला. "आई तिकडे पाण्यात होती. एकटी. एवढा वेळ तू किनाऱ्यावर काय करत होतास?"

हरेश्वरला खूप काही सांगता आलं असतं. वारा होता, ओहोटी होती, पाण्याचं भय लहानपणापासूनचं होतं.

"बघत होतो," तो म्हणाला.