दंडावरचा टाका

मास्तरांना लोंबणारा दोरा बघवत नसे. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला माणूस तो! गिऱ्हाईक नवा शर्ट घालून आरशापुढे उभं असलं, तरी मास्तरांची बोटं बाहीवर जायची आणि दोरा कच्चकन खाली. बायको म्हणायची, “कुणाच्या मिशीचा केस लांब दिसला, तर तोही कापाल तुम्ही!”

मग तिलाच कर्करोग निघाला. शिरेतून औषधं देऊन देऊन हातांची पार चाळण झाली, तेव्हा डॉक्टरांनी डाव्या दंडातून एक बारीक नळी आत घातली, थेट हृदयापाशी पोचणारी. बाहेरचं टोक हलू नये म्हणून कातडीला दोन टाके. “हिला जिवापाड जपा,” डॉक्टर म्हणाले. “उजव्या हातात रक्ताची गुठळी झालीय, तिकडे घालता यायची नाही. सहाही डोस हिच्यातूनच जायचेत.”

मास्तरांनी जपली हो! तिच्या सगळ्या गाऊनांची डावी बाही उसवून त्यांनी टिचबटणं लावली, म्हणजे नळीपर्यंत पोचायला अंगातलं काढायला नको. दर आठवड्याला सिस्टर घरी येऊन पट्टी बदलायची. तिने मास्तरांनाही शिकवलं: कोपरापर्यंत हात धुवायचे, मास्क लावायचा, सिरिंजने सलाइन सोडून नळी धुवायची. “माझ्यापेक्षा तुमचा हात हलका,” ती म्हणाली, तर मास्तर चक्क लाजले.

चार डोस झाले. पाचव्याच्या आदल्या दिवशी पट्टी भिजली आणि सिस्टरचा फोन आला की ती दुसऱ्या पेशंटकडे अडकलीय. “मी बदलतो,” मास्तर म्हणाले. सगळं नीट केलं. पट्टी काढली, कातडी पुसली, नव्या पट्टीची कड छाटायला कात्री घेतली. बायको लेकीची नक्कल करून दाखवत होती आणि मास्तर मास्कमागे खुदुखुदु हसत होते. टाक्याचा काळा दोरा बोटभर बाहेर लोंबत होता. मेल्या हाताने डोक्याला न विचारताच कात्री चालवली!

गाठच गेली. दुसरा टाका आधीच सैल पडलेला. तिला खोकला आला आणि नळी वीतभर बाहेर सरकली. बाहेर आलेली नळी पुन्हा आत ढकलायची नसते, हे सिस्टरने दहादा बजावलेलं.

सिस्टर धावत आली. मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोच म्हणाली, “झोपेत ओढली गेली गं माझ्या हातून.” आणि मास्तरांकडे असे डोळे वटारले, की ते गप्पच बसले. गप्प बसले, हे मात्र त्यांचं चुकलंच.

नळी काढावी लागली. नवी मानेतून घालू, डॉक्टर म्हणाले, पण रक्तातल्या पेशी फार उतरल्यात, आठवडाभर थांबू. आठवड्याचे तीन झाले. पेशी काही वर येईनात, त्यात ताप भरला.

“मी सांगून टाकतो सगळ्यांना,” मास्तर एकदा रडत म्हणाले.

“खबरदार! लेकीला कळलं तर ती तुम्हाला माफ करायची नाही. माझीच आहे ती, ओळखते मी. माझ्यामागे तुम्हाला दुसरं कोण आहे?”

तापाच्या चौथ्या दिवशी ती गेली. दोन डोसांनी फार फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणायला काय जातं त्यांचं!

महिन्याभराने लेक आईचं कपाट आवरायला आली. गाऊनांच्या घड्या घालता घालता तिचा बांध फुटला. “इतकी कशी गं बेफिकीर तू? किती वेळा सांगितलं होतं, हात जपून झोप! स्वतःच्या हाताने घालवलंस सगळं!” ती त्या कपड्यांवरच ओरडत होती.

मास्तर दारात उभे होते. स्वतःसाठी ते जन्मभर गप्प राहिले असते. पण बायकोला बोल लागलेला त्यांना ऐकवेना.

“तिने नाही ओढली. टाका मी कापला. दोरा लोंबत होता म्हणून. ती माझ्यासाठी खोटं बोलली.”

लेकीने उरलेल्या घड्या घातल्या, कपाट लावलं आणि निघून गेली.

आता ती रोज फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारते. फक्त ‘बाबा’ म्हणत नाही.