धोंड्याचं जेवण आणि वांग्यावरची अळी

गच्चीवरच्या वांग्याच्या झाडाला मी जेवढं जपलं, तेवढं पोटच्या पोरीलाही जपलं नसेल. (पोरीचं लग्न झालंय. रागावली तर तिच्या घरी रागावेल.)

अधिक महिना लागला आणि जावयाला पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला बोलवायचं ठरलं. जावई अकलूजचा, बागायतदाराच्या घरचा. त्याला बाजारची भाजी वाढून आमची काय शोभा राहणार? झाडाला चार फुलं दिसताच मी फोनवर ऐटीत सांगून टाकलं, "पाव्हणं, पुरणाचे धोंडे तर हायतच, पण भरली वांगी आमच्या गच्चीवरची!"

जेवणाच्या आदल्या दिवशी पाणी घालायला वर गेले, तर फुलं गायब आणि अर्धं झाड खराट्यासारखं! मधल्या फांदीवर ती बसली होती. अंगठ्याएवढी जाड, हिरवीगार अळी, कुशीवर पिवळे-जांभळे पट्टे आणि शेपटाला चक्क वाकडं शिंग! सोलापूरच्या उन्हात आम्ही वाळतोय, आणि ही बया तुकतुकीत! मारायला हात उचलला आणि तसाच राहिला. इतका देखणा चोर मी जन्मात पाहिला नव्हता.

"अहो, वर या!"

हे हातात चप्पल घेऊन धावत आले, अळी बघितली आणि चप्पल मुकाट्याने पायात घातली.

"आयला! लई मोठी हाय की गं. हिला मारायचं म्हंजे पाप लागंल."

"मग उद्या जावयाला वाढू काय?"

"वांगी आणतो की बाजारातनं."

"आणि झाड बघायला मागितलं तर? पानं कुठल्या बाजारातनं आणणार?"

तेवढ्यात अळीने मान उचलून टक् टक् असा आवाज केला. आम्ही दोघं दोन पावलं मागे!

शेवटी मोबाईलवरच्या एका बाईने सांगितलेला फवारा केला. आंबट ताक, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हळद, हिंग. रात्रभर मुरवायचं, सकाळी ह्यांनी त्यात साबणाचं पाणी मिसळायचं आणि राहिलेली पानं वाचवायची. पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं.

सकाळी ह्यांनी बाजारातनं वांगी आणून दिली आणि पुरणाच्या नादात मी बाकी सगळं विसरले. मदतीला जेऊरहून ह्यांच्या थोरल्या बहीण, आक्का, आल्या होत्या. जावई पाटावर बसला, जेवू लागला.

"मामी, वांगी झ्याक झाल्यात. घरची चवच येगळी!"

मी मान डोलावली. (खाली घालून.)

"पण कढी! कढीला तोड न्हाय. अजून वाढा!"

कढी? मी तर कढी केलीच नव्हती! ओट्याकडे पाहिलं. पातेलं रिकामं.

"आक्का, कढी कशाची केली?"

"अगं, तूच समदं कालवून ठिवलं व्हतंस की! मी बेसन लावून फोडणी दिली नुसती."

ह्यांना ओढत मागच्या दारी नेलं. "अहो, साबण? साबणाचं पाणी घातलं का त्यात?"

"त्ये व्हय... इसरलोच की गं!"

ह्यांच्या विसरभोळेपणाला मी लग्नानंतर पहिल्यांदाच हात जोडले.

जीव भांड्यात पडतोय तोच जावई हात पुसत उठला. "चला मामी, झाड तर दावा." नाही म्हणायची सोयच नव्हती.

गच्चीवर एक पान शिल्लक नव्हतं. नुसता दांडा, आणि दांड्यावर ती, कालच्यापेक्षा गुबगुबीत! जावई गुडघ्यावर बसला. अळीने मान उचलली, टक् टक् केलं. "आमच्या रानात बी असली कवा बघितली न्हाय," तो देवळात बोलावं तसं हळू म्हणाला. आक्कांनी तर पदर डोक्यावर घेतला. आमच्या फुटक्या बादलीतल्या मूठभर मातीवर असं काही जगतं, ह्याचं मलाही इतकं नवल वाटलं की ऊन डोक्यावर आलेलं कळलं नाही.

मग जावयाने दांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"मामी, मग मी खाल्ली ती वांगी कुठली?"

काय सांगणार, कपाळ! बोलावलेला जावई बाजारचं जेवला, आणि घरच्या वांग्यावर धोंड्याचा महिना साजरा केला तो न बोलावता आलेल्या हिने. तिला आहेर तेवढा करायचा राहिला!