जरीनाच्या नावाखालचं वाक्य

कृष्णा नदी मी आटवली. एका दुपारी, सांगलीतल्या सायबर कॅफेत बसून.

१९९९चा डिसेंबर. कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांचा ई-मेल गट नुकताच निघाला होता आणि मुलांचं लेखन त्यावर टाकायचं काम, मराठीचा मास्तर म्हणून, माझ्या गळ्यात पडलं होतं. पर्यावरणशास्त्राच्या जरीना नदाफनं लिहून दिलं होतं, ‘यंदा विहिरी लवकर खाली गेल्यासारख्या वाटतात. हवामान बदलतंय का, हे वर्षभर मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.’ मला हे फार अळणी लागलं. मी जरा मीठ घातलं : ‘हवामान बदललं, दहा वर्षांत कृष्णा कोरडी!’ खाली नाव तिचंच ठेवलं आणि बटण दाबलं.

कुणीतरी त्याचे छापील कागद काढून साताऱ्यापर्यंत वाटले. वाईच्या घाटावरून एका भटजीबुवांचा फोन आला. आमचा शिपाई बिराप्पा कॅन भरून नदीचं पाणी घरी घेऊन गेला. म्हणाला, “आटल्यावर पूजेला कुठनं आणायचं, सर?”

जरीनाचे अब्बा गाद्या भरायचे. ते कापूस पिंजायचे, तशी जरीना बातमी पिंजून बघायची. ऐकलेलं पडताळल्याशिवाय पुढं सांगू नये, हे कुराणातलं सांगणं तिनं लहानपणीच मनावर घेतलं होतं. ती स्टाफरूममध्ये आली तेव्हा रमजान चालू होता.

“सर, आष्ट्याच्या नाथाजीतात्यांनी आपली विहीर मोजू देणार नाही म्हणून सांगितलंय. हा महिना चुकला तर माझं वर्षाचं काम गेलं.”

“खुलासा टाकतो ना गटावर.”

“तात्या गटावर नाहीत. आणि माझा रोजा आहे, सर. पोट उपाशी आणि नावावर खोटं, असला रोजा कसला?”

एस.टी.नं आम्ही आष्ट्याकडे निघालो. नाथाजीतात्या फौजेतून निवृत्त झालेले, ऊसवाले. त्यांनी आम्हाला बांधावरच अडवलं.

“आता कशाला मोजतीस गं? नदी आटणार म्हणून तूच लिवलंयस. गाव हसतंय मला, तात्याच्या हिरीत बघून पोरगी भविष्य सांगती म्हणून.”

“ते मी लिहिलं,” मी म्हणालो.

तात्यांनी मला चपलांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. “आवं, तुमी मास्तर न्हवं? मग पोरीच्या नावावर कशाला खपवलं?”

मी चष्मा काढून पुसायला लागलो. तात्या बाजूला झाले. जरीनानं विहिरीत टेप सोडली, आकडा दोनदा पाहिला आणि मगच टिपला.

परतीच्या एस.टी.ची वाट बघता बघता दिवस मावळला. तिनं खजूर काढून रोजा सोडला आणि एक खजूर माझ्या हातावर ठेवला. मला तेवढ्यानं धीर आला.

“काही म्हण जरीना, तुझं वाक्य कुणी वाचलंसुद्धा नसतं. माझ्यामुळे निदान माणसं पाण्याबद्दल बोलायला तरी लागली.”

खजुराची बी कागदात गुंडाळत ती म्हणाली, “मग सर, खाली तुमचं नाव घालायचं.”