न आलेले नारळ

मीनलच्या घरात नारळ विकत आणल्याचं कोणाला आठवत नाही. चटणीला नारळ, ओटीला नारळ, गणपतीपुढे नारळ, आणि तरीही देवळीत दोनचार शिल्लकच. हे नारळ काही शेतात पिकत नव्हते. शेतात वांगी आणि भेंडी पिकायची, ती तिचे वडील भगवंतराव आठवडाभर तेलंगणातल्या आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायचे. नारळ यायचे ते रविवारचे, कारण रविवारी भगवंतराव काविळीचं औषध द्यायचे.

औषध म्हणजे एका वेलीच्या पाल्याचा रस, दह्यात कालवलेला. उपाशीपोटी घ्यायचा, ओळीनं तीन रविवार. वेल कोणती, ते घरातल्या थोरल्या मुलालाच ठाऊक. पैसा घ्यायचा नाही, हा घराण्याचा नियम. बरं झालेल्यानं नारळ आणून द्यायचा, हा दुसरा. आणि औषध देणाऱ्यानं रोग्याच्या दारी विचारपूस करायला जायचं नाही, गेला तर औषधाचा गुण जातो, हा शेवटचा आणि सगळ्यांत कडक. बेल्याकडची, महाराष्ट्राच्या सीमेजवळची सगळी गावं त्यांच्या अंगणात येत. आधी बैलगाडीनं येत, मग मोटारसायकलनं यायला लागली, एवढाच काय तो फरक. मीनलच्या हातात दह्याचं भांडं मावायला लागलं, तेव्हापासून ती रविवारी बापाच्या शेजारी उभी. शाळेतल्या पोरी तिला ‘काविळवाली’ म्हणायच्या आणि तिला राग यायचा सोडून ऐटच वाटायची.

पुढे ती आदिलाबादला कॉलेजात गेली. तिथे ऐट उतरवायला इंग्रजीचा तास होता. मराठी शाळेतून आलेली पोरगी, बाकीचे तेलुगू आणि उर्दूत कुजबुजणार, आणि समोर रश्मी मॅडम. मॅडम आदिलाबादच्याच. आई लोकांच्या वावरात निंदायला जायची, हे त्या स्वतःच वर्गात सांगायच्या; त्यात लाजही नसायची आणि तोराही नसायचा. मोबाइलवरून उतरवलेला निबंध त्यांना पहिल्या ओळीतच कळायचा. या सत्रात त्यांनी वर्गाला संशोधनपर लेख लिहायला दिला होता. तुमचा प्रश्न काय, तुमचं म्हणणं काय, पुरावा कोणता, आणि तुमच्या विरुद्ध बाजूचा शहाणा माणूस काय म्हणेल, एवढं प्रत्येकानं मांडायचं. विषय आपल्या गावातला घ्यायचा. सत्राच्या शेवटी वर्गापुढे उभं राहून तो वाचायचा.

मीनलला वाटलं, चला, एकदाचं सोपं काहीतरी मिळालं. तिनं लिहिलं की आमच्या घरचं औषध काविळीवर गुणकारी आहे. पुरावा म्हणून नारळ. इतक्या वर्षांत आलेले नारळ म्हणजे बरी झालेली माणसं, याहून मोठा पुरावा कोणता? इंग्रजी मोडकंतोडकं होतं, पण म्हणणं ठाम होतं.

लेख परत आला तेव्हा मॅडमनी इंग्रजीला हात लावला नव्हता. खाली लाल पेनानं फक्त एक प्रश्न लिहिला होता: जे परत आले नाहीत, त्यांचं काय?

मीनलला आधी रागच आला. शिकलेल्या माणसांना सगळ्यातच खोट दिसते, असं ती बसमध्ये स्वतःशी म्हणाली. पण घरी येऊन तिनं देवळीकडे पाहिलं. नारळ तेच होते, पण आता त्यांच्याकडे पाहिलं की न आलेले नारळ दिसायला लागले. जेवताना तिनं विषय काढला. भगवंतराव हसले. माणूस बरा झाला की विसरतो, म्हणाले, गरज सरो वैद्य मरो, जगाची रीतच आहे. आई तुळजाबाईनंही मान डोलावली. उत्तर पटण्यासारखं होतं. मीनलनंही ते पटवून घेतलं आणि सकाळपर्यंत ते परत सुटलं.

मॅडमना तिनं हेच उत्तर दिलं. मॅडम म्हणाल्या, विसरले असतीलही, पण हे तुला कळलं कसं, कोणाला विचारलंस का? शिवाय बरीचशी कावीळ औषधावाचूनही उतरते म्हणतात, म्हणजे आलेले नारळसुद्धा पूर्ण पुरावा नव्हेत. विचारून बघ, एवढंच त्या म्हणाल्या. आता घराण्याचा नियम औषध देणाऱ्यासाठी होता, भांडं धरणाऱ्या पोरीबद्दल त्यात काही म्हटलेलं नव्हतं. मीनलनं स्वतःची अशी समजूत घातली.

तिला एक मुलगा आठवत होता. गेल्या साली आला होता, तिच्याच वयाचा, निंबाखाली बसला होता आणि त्याची आई पदरानं त्याला वारा घालत होती. दोन रविवार आले, तिसऱ्या रविवारी दिसले नाहीत. आईचं नाव कौशल्याबाई, राहणार ओढ्यापलीकडच्या गावात. भाजीच्या निरोपाचं निमित्त करून मीनल तिथे गेली.

कौशल्याबाईनं तिला लगेच ओळखलं. बस म्हणाली, चहा ठेवला. मुलाचं विचारायची मीनलला हिंमत होईना, तर बाईनं आपणच सांगितलं. दुसऱ्या रविवारनंतर पोरगं बरळायला लागलं. दवाखान्यात नेऊ म्हणेपर्यंत तिसरा रविवार जवळ आला होता, म्हटलं एवढं औषध पुरं होऊ द्या. रविवार उजाडायच्या आत ते गेलं. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. बशी पुसत पुसत ती बोलत होती.

"नारळ आणून ठेवलता व माय, आधीच," ती म्हणाली. "तुया बाबाचा काई दोष नाई, आमचंच नशीब. त्यायले सांगू नको, उगाच जीवाले लावून घेतीन."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मीनलला सोसलं असतं. हा चांगुलपणा सोसेना. त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. लिहायला बसली की हात थांबे. लिहावं तर बाप वर्गापुढे उघडा पडणार, आणि वर्गात बेल्याकडची पोरं होती, संध्याकाळच्या आत गोष्ट गावात गेली असती. न लिहावं तर ती पदरानं वारा घालणारी बाई डोळ्यांपुढून हलेना. कावीळ म्हणजे काय ते तिनं कॉलेजच्या ग्रंथालयात बसून वाचलं, आणि वाचून भीती दुप्पट झाली. बरळणं हे वाईट लक्षण, असं तिथे होतं. गरोदर बाईला कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, असंही होतं. शेवटी तिनं मॅडमना गाठलं आणि ही एक गोष्ट गाळली तर चालेल का, असं विचारलं.

"गाळ ना," मॅडम म्हणाल्या. "मले कोठून कळणार हाय? मार्क बी पुरे भेटतीन."

याला काय म्हणावं? परवानगी मागायला गेलेली पोरगी आणखी मोठं ओझं घेऊन परत आली. मॅडमवर ती मनातल्या मनात चरफडली.

आणि मग तो रविवार आला. अंगणात नेहमीसारखी माणसं बसली होती. भगवंतराव आतून रस घेऊन आले, मीनलनं दही धरलं. रांगेत पुढे सरकलेली बाई मान वर करून हसली, तर ती शीतल होती. मीनलची शाळेतली मैत्रीण, तीच जी सगळ्यांत मोठ्यानं ‘काविळवाली’ म्हणायची. लग्न होऊन सीमेलगतच्या गावात दिलेली, आता पोटुशी, दिवस भरत आलेले. शेजारी सासू भागाबाई. शीतलच्या डोळ्यांत पांढरं म्हणून काही उरलं नव्हतं, हळद माखावी तसे पिवळे झाले होते.

भगवंतरावांनी रसाची वाटी दह्यासाठी मीनलपुढे केली. बोलायचं तर बापाचा शब्द चारचौघांत पाडायचा, जो आजवर घरातही कोणी पाडला नव्हता. न बोलायचं तर... तिनं दह्याचं भांडं खाली ठेवलं.

"बाबा, इले देऊ नका," ती म्हणाली. "इले आत्ताच दवाखान्यात न्या लागते."

भागाबाईनं विचारलं, काऊन, औषधात काई खोट हाय का? सगळे भगवंतरावांकडे पाहायला लागले आणि भगवंतराव मुलीकडे. त्यांच्या डोळ्यांत राग होता, तिला तो स्पष्ट दिसला. मग तिच्या तोंडून निघू नये ते निघून गेलं. ओढ्यापलीकडच्या कौशल्याबाईचं पोरगं दोन रविवार औषध घेऊन मेलं, बाबा. ती तुमाले सांगू नको म्हने.

रस दह्यात कालवायचा राहूनच गेला. भगवंतरावांनी हातातली वाटी ओट्यावर ठेवली आणि भागाबाईला म्हणाले की आज औषध नाही, पोरीला आदिलाबादला न्या. भागाबाई फणफणत उठली. देणाऱ्याच्या घरातच औषधावर भरोसा नाही तर आम्ही कशाला यावं, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून ती शीतलला ओढतच घेऊन गेली. दवाखान्यात नेते की घरी नेते, ते बोलली नाही. बाकीचेही एकेक करून उठले. त्या रविवारी कोणालाच औषध मिळालं नाही.

तो आठवडा मीनलनं कसा काढला, ते तिचं तिलाच माहीत. बाप तिच्याशी बोलेना. शीतलचा फोन लागेना. बरोबर केलं की घर बुडवलं, हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि शीतलला भलत्या ठिकाणी नेलं असेल तर सगळंच व्यर्थ. लेखाचा शेवट लिहायचा तसाच राहिला होता. आईनं एकदाच तोंड उघडलं. खाऊन घे, म्हणाली.

पुढच्या रविवारी अंगणात कोणी आलं नाही. भगवंतराव सकाळपासून ओट्यावर बसून होते, रस्त्याकडे डोळे लावून. शीतलकडचंही कोणी दिसेना. उन्हं अंगणभर झाली तसे ते उठले, टोपी घातली, मोटारसायकल बाहेर काढली आणि मीनलला म्हणाले, बस.

तुळजाबाई दारात आली. "अवो, रोग्याच्या दारी जायचं नसते."

"मालूम हाय," भगवंतराव म्हणाले.

शीतलच्या घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी बाहेर आली. सगळे आदिलाबादला दवाखान्यात आहेत, तिनं सांगितलं. भागाबाई रस्ताभर तुमाले बोल लावत गेली, पन नेलं मातर त्याच दिवशी. सलाईन लावलेली, पोरगी शुद्धीवर आहे, पोटातलंही हालते म्हणतात. डॉक्टर अजून सोडत नाहीत. मीनल तिथेच कुंपणाला धरून रडली. भगवंतराव तिचं रडणं थांबेपर्यंत गाडीला टेकून उभे राहिले.

परत निघाल्यावर ओढ्याजवळच्या फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. घराचा रस्ता उजवीकडे होता.

"कौशल्याबाईचं घर कोठी येते?" त्यांनी विचारलं.

मीनलनं डावीकडे हात केला. कौशल्याबाई दारातच तूर पाखडत बसली होती. भगवंतरावांना पाहून ती गडबडून उठली, डोक्यावर पदर घेतला, आणि तिनं मीनलकडे अशा नजरेनं पाहिलं की मीनलनं मान खाली घातली. तिनं बसायला पोतं अंथरलं. भगवंतराव बसले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. या घराण्यात आजवर कोणी न उच्चारलेलं वाक्य त्यांना नीट जुळवता येत नव्हतं, दोनदा सुरुवात करून ते थांबले.

"तुमी आले नाई तिसऱ्या रविवारी," ते म्हणाले. "मी इचाराले आलो, बाई. पोराचं काय झालतं?"